हरिबांची कवळी

१८ सप्टेंबर, बुधवार

आज हरिबांना वरची कवळी बसवली. वडवणीत दवाखाना टाकून चार महिने होत आले. आतापर्यंत जो आला तो दात उपटायलाच आला. दात बसवून घ्यायला आलेला हा पहिला माणूस, आणि तोही स्वतःहून नाही. मुलगा रामेश्वर मोटारसायकलवर बसवून घेऊन आला होता. नातीच्या, अंजलीच्या साखरपुड्यात आजोबांनी फोटोसाठी तोंड उघडावं एवढीच त्याची इच्छा.

हरिबा मेंढपाळ आहेत. वय सत्तरच्या पुढे, पदरी दीडशे मेंढ्या. वरचे उरलेले सहा दात मी जुलैमध्ये काढले, सगळे हलत होते. तेव्हा त्यांनी हात जोडून सांगितलं होतं की पुढचे दोन तेवढे राहू द्या. त्या दोन दातांत चांगली बोटभर फट आणि एकाचा कोपरा उडालेला. काय ठेवायचं त्यात? समजूत घालून तेही काढले. माणसाची कशावर माया जडेल सांगता येत नाही.

कॉलेजात शिकवल्याप्रमाणे त्यांना एकसष्टपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावले. कवळी चुकली असेल तर 'स' आणि 'ष्ट' लगेच बोबडे होतात. हरिबांनी एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असं खणखणीत म्हटलं आणि सत्तरला न थांबता पुढे मोजतच गेले. मदतनीस बबिता तोंडाला ओढणी लावून हसत होती.

आरशात मात्र त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. जीभ सारखी पुढच्या दातांमागे फिरवत होते. "बाई, हे असंच ऱ्हानार का आता?" असं विचारलं. मी म्हटलं, असंच राहणार, आयुष्यभर. रामेश्वर खूश. त्याने आधीचा आणि नंतरचा फोटो मला पाठवला. तो मी मोठा करून दाराबाहेर लावणार आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

हरिबा परत आले. दात लई झ्याक बसल्यात, म्हणाले, पण खुर्चीवरून उठेनात. टोचतं का? नाही. सैल आहे का? नाही. भाकरी चावता येते? येते. मग अडचण काय? "हवा अडतीया," म्हणाले. कुठे अडते ते दाखवा म्हटलं, तर हात ओठांपुढे नेला, बाकावर बसलेल्या बायकांकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

घशाकडची कड थोडी घासून दिली. त्यांनी दोनदा श्वास घेऊन पाहिला, मान हलवली, आणि तरीही तासभर बाहेर बसून राहिले. जाताना बबिताला हळूच विचारलं म्हणे, की वडवणीत दातांचा पुरुष डॉक्टर कोण आहे. बबिता मला हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. पाच वर्षं घासून शिकायचं आणि मग हे ऐकायचं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज वेगळंच. हरिबा म्हणाले, "मेंढरं ऐकंनात, बाई. कावून ऐकंनात ते तुमाला कसं सांगू?"

सांगा की, म्हटलं. नाहीच सांगितलं. एवढं मात्र कळलं की प्रकरण साधं नाही. दिवाळी झाली की हरिबा दर वर्षी कळप घेऊन निघतात, कालव्याच्या पट्ट्यात शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घेतात, आणि पाऊसकाळापर्यंत हे तिकडेच. रामेश्वर इथे बियाण्याच्या दुकानात नोकरीला आहे. बापाने आता घरी बसावं असं तो दोन वर्षं म्हणतो आहे. परवा मेंढ्या ओढ्यापलीकडे गेल्या, हरिबांनी हाका मारूनही परत येईनात, सात-आठ कोणाच्या तरी कपाशीत शिरल्या. रामेश्वरने सांगून टाकलं की निघायच्या दिवशी मेंढरं मागे आली तर जा, नाही आली तर त्याच दिवशी सगळी विकणार.

याच्यात माझ्या कवळीचा काय संबंध? मी खूप विचार केला. मेंढ्यांना वास चटकन कळतो, आणि नव्या कवळीला औषधासारखा वास असतोच. म्हणून दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायला सांगितली. मग वाटलं, पांढरेशुभ्र दात चमकून जनावरं बुजत असतील. म्हणून पुढच्या दातांची चकाकीही थोडी मारली. कॉलेजात कवळी शिकवणाऱ्या सरांना फोन केला, तर ते हसत सुटले. म्हणाले, रुग्णाला सवय व्हायला दीड महिना लागतो, मेंढ्यांना दोन महिने धर. त्यांना हसायला काय जातं?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

वास गेला, चमक गेली, हरिबा परत आले. हवा अडतेच आहे. मला भीती वाटली की छातीचं काही असेल. सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला, छाती विशीतल्या पोरासारखी निघाली. त्यांनी मला फोन करून विचारलं, का पाठवलं होतं? हवा अडते म्हणून, म्हटलं. कुठली हवा? ते मला सांगता आलं नाही.

रामेश्वरने शेवटी उपाय म्हणून बाजारातून प्लॅस्टिकची शिट्टी आणून दिली होती, असं तोच फोनवर म्हणाला. ती वाजवल्यावर कळप चौफेर उधळला. या घरातले लोक असं का वागतात मला कळत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

फार वाईट झालं. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी बबिता ओटा झाडत होती. हरिबा पायऱ्यांपाशी येऊन थांबले होते. ही वाकलेली, आणि मागून यांनी शिट्टी मारली. धड वाजलीही नाही, नुसती सूंऽ अशी हवा गेली, पण शिट्टीच होती, असं बबिता शपथेवर सांगते. पुन्हा एकदा मारली. बबिताने केरसुणी टाकली आणि त्यांना असं काही सुनावलं की समोरच्या चहावाल्यापर्यंत सगळे बाहेर आले.

मी पोचले तेव्हा हरिबा निघून गेले होते. बबिता रडत होती. तिचा नवरा वारला तेव्हापासून गावातल्या लोकांच्या नजरा ती सोसते आहे. इथे तरी तिला सुरक्षित वाटायला हवं. मी तिला विचारलं, तुझ्याकडे बघून मारली का? तर म्हणाली, तोंड रस्त्याकडं व्हतं, पर दुसरं व्हतंच कोन तिथं?

एवढ्या म्हाताऱ्या माणसाने असं करावं? आता पुरुष डॉक्टर का हवा होता तेही लक्षात आलं. मनात खोट असली की बाईसमोर बसवत नाही. मी रामेश्वरला फोन करून जे घडलं ते सांगितलं आणि यापुढे बाबांना पाठवू नका म्हटलं. पलीकडून त्याने एकदाच विचारलं, बाबांनीच का? नंतर "बरं मॅडम" म्हणाला.

पहिला माणूस, ज्याचं हसू मी घडवलं, तो असा निघाला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. दवाखाना अर्धा दिवस. दाराबाहेरचा फोटो बघून दोन जण कवळीची चौकशी करून गेले. हरिबा आले नाहीत. बरं झालं.

बरं झालं असं लिहिलं खरं, पण संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला कोण कोण आलं ते मोजत होते आणि त्यांचीच आठवण येत होती. का, ते माहीत नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

हे नीट लिहून काढलं पाहिजे.

दुपारी एक म्हातारी बाई आली. नऊवारी, कपाळावर गोंदण. ती हरिबांची बायको, भामाबाई. तिने पदराची गाठ सोडून आतून रुमालात बांधलेली कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाली, ही घ्या परत, आमाला नगं. मी म्हटलं, काढून ठेवली तर तुमचे मालक खाणार कसे? म्हणाली, तसंही ते कुठं खात्यात? रामेश्वरने फोनवर ऐकलेलं घरी सांगितलं त्या दिवसापासून हरिबा लेकासमोर जेवायला बसत नाहीत. मेंढ्यांकडेच झोपतात.

बबिता कोपऱ्यात हत्यारं उकळत होती. तिने तिथूनच म्हटलं, केलं तसं भोगावं लागतं.

भामाबाईने तिच्याकडे वळून पाहिलं. रागावली नाही. "लेकी, त्यानं तुला न्हाई वाजवली," ती म्हणाली. "त्यो शिट्टी परत येती का बघत व्हता. शिट्टीबिगर मेंढरू येत न्हाई."

मग तिने मला लहान पोरीला समजवावं तसं समजावलं. जवळची मेंढी हाकेवर येते, लांबचा कळप शिट्टीवर. ही शिट्टी ओठांची नसते, बोटांचीही नसते. पुढच्या दोन दातांच्या फटीतून जीभ लावून काढायची. हरिबांचा तो कोपरा लहानपणी झाडावरून पडून उडाला, तेव्हापासून त्यांची शिट्टी अशी की कोसभर जावी. कळपात जन्मलेलं कोकरूही तीच ऐकत मोठं होतं. मी फट बुजवली, सरळ दातांची ओळ लावली, आता नुसती सूं होते. कवळी काढली तर तेही नाही, हिरड्यांतून फक्त फुंकर जाते. रामेश्वर कधी कळपामागे गेला नाही, ही शिट्टी दातांच्या फटीतून निघते हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? दाखवायची होती ना वाजवून.

"तुमच्याम्होरं?" भामाबाई माझ्याकडे बघतच राहिली. "लेकीच्या वयाच्या बाईम्होरं शिट्टी वाजवल का त्यो? चार बाया बसलेल्या असत्यात हितं. म्हनून तर गडीमानूस डाक्टर इचारत व्हता."

पुढचे दोन तेवढे राहू द्या. हवा अडतीया. कावून ते कसं सांगू. सगळं मला सांगून झालं होतं आणि मी वास घालवत बसले होते. वर त्या माणसाला त्याच्या मुलासमोर नासका ठरवलं.

बबिता उकळत्या भांड्याकडे पाठ करून उभी होती. तिचा चेहरा कसा होता ते मी पाहिलं नाही, पाहायची हिंमत झाली नाही. कवळी मी ठेवून घेतली.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दात काढण्याआधी हरिबांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा घेतला होता. कपाटात मागे सापडला. तीच तिरकी फट, तोच उडालेला कोपरा. मी तेव्हा त्यावर पेन्सिलने 'दोष' असं लिहून खूण केली होती.

तीच फट कवळीत कोरून द्यावी असं मनात आलं, पण एकदा कापलं की झालं. एवढी सुबक कवळी मी पुन्हा कधी करीन की नाही कोण जाणे. आणि फट ठेवल्यावर शिट्टी येईलच असं तरी कुठे आहे? हे कुठल्याच पुस्तकात नाही. सरांना फोन लावला आणि उचलायच्या आत ठेवून दिला.

दाराबाहेरचा फोटो उतरवला. तिसरी चौकशी आज सकाळीच झाली होती, त्या माणसाने फोटो कुठे गेला म्हणून विचारलं तर काय सांगू? बबिता दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिची चूक होती असं मला वाटत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तसंच ओरडले असते. मग चूक कोणाची, हे मला अजून ठरवता येत नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

भामाबाईबरोबर रिक्षाने माळावर गेले. बरोबर कवळी, तो साचा, कानशी आणि हाताने चालवायचं छोटं यंत्र. बबिताला चल म्हटलं, ती नको म्हणाली.

हरिबा मला बघून उठून उभे राहिले आणि जमिनीकडे बघत राहिले. मी माफी मागितली. पाठ केलेली सगळी वाक्यं विसरले, नुसतं चुकलं माझं म्हटलं. ते म्हणाले, "त्या लेकीची काई चूक न्हाई. म्या तिथं वाजवायलाच नको व्हती. पर सकाळच्याला वाटलं, तुमी आत असाल, दारात वाजली तर हवा कुटं अडती ते न सांगता कळंल."

मग एक व्यवस्था ठरली. मी कवळी घासून द्यायची आणि त्यांच्याकडे पाठ करून, बाभळीकडे तोंड करून उभं राहायचं. ते वाजवून बघणार. भामाबाई मध्ये बसून सांगणार. असं सहा वेळा झालं. पहिल्यांदा सूं. मग फुस्स. मी साच्याकडे बघून फट वाढवली, कोपरा उडवला, टाळूकडची बाजू पातळ केली. पाचव्यांदा काहीतरी वाजलं. सहाव्यांदा वाजलं ते स्पष्ट होतं, माझ्या मानेवर काटा आला.

वळू का, विचारलं. वळा म्हणाले. चार-पाच मेंढ्यांनी मान वर केली होती. बघता बघता पुन्हा खाली घातली आणि चरायला लागल्या. बाकी कळपाला पत्ताच नाही. हरिबा म्हणाले, हाय, पर तशी न्हाई. माझी जीभच इसरलीया. आणखी घासू का विचारलं तर मान हलवली. आणखी घासलं तर दात तुटेल हे त्यांनाच माझ्याआधी कळलं होतं.

म्हणजे जमलं की नाही जमलं? येताना रिक्षात हाच विचार. मेंढ्यांना विचारता येत नाही आणि हरिबा खरं सांगत नाहीत.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. नेकनूरला घरी आले आहे. सकाळी गच्चीवर कोणी नाही बघून जिभेने दातांमागून शिट्टी काढून पाहिली. हवासुद्धा नीट गेली नाही. तरी आईने खालून ऐकलंच. ऋतुजा, पोरीच्या जातीने शीळ घालू नये, काय शिकलीस गं तू, म्हणाली. हरिबांचं जे अडलं ते बहुतेक इथेच कुठेतरी अडलं होतं, पण नेमकं कुठे ते मला बोट ठेवून दाखवता येणार नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज हरिबा निघाले. माझ्या दवाखान्यासमोरूनच रस्ता जातो.

नऊच्या सुमाराला धूळ दिसली. पुढे हरिबा, खांद्यावर घोंगडी, मागे कळप, कळपामागे घोड्यावर बिऱ्हाड लादून भामाबाई. सगळ्यात मागे रामेश्वर मोटारसायकल ढकलत चालला होता. चौकात मेंढ्या विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो सकाळपासून उभा होता. मी आणि बबिता ओट्यावर आलो. आमच्याकडे दोन बायका दात दाखवायला आल्या होत्या, त्याही येऊन उभ्या राहिल्या.

हरिबांनी आम्हाला पाहिलं आणि मान खाली घातली. तेवढ्यात वळणावरून एसटी आली आणि ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. कळप मधोमध फुटला. अर्ध्या मेंढ्या हरिबांमागे राहिल्या, अर्ध्या बाजारगल्लीत घुसल्या. हरिबा हाका मारायला लागले. हुर्रऽ, हुर्रऽ. गल्लीतल्या मेंढ्या पुढेच चालल्या. भाजीवाले काठ्या घेऊन उठले. रामेश्वरने मोटारसायकल लावली, खिशातून फोन काढला आणि टेम्पोच्या दिशेने हात केला.

हरिबा आमच्याकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही चार बायका ओट्यावर उभ्या होतो. आत जावं का? पाठ करून उभं राहावं का? मी खरंच अर्धी वळले होते.

बबिता पायऱ्या उतरून रस्त्यात गेली. "बाबा," ती म्हणाली, चहावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "वाजवा शिट्टी. आमी काई म्हनत न्हाई. वाजवा."

हरिबांनी आमच्याकडे पाठ केली. एक क्षण काहीच झालं नाही. मग ती आली. माळावर ऐकली होती ती ही नव्हे. ही लांब होती, मध्ये एकदा मोडली, आणि मोडून वर गेली. गल्लीत शिरलेल्या मेंढ्यांत एक म्हातारी मेंढी थांबली. मग तिच्यामागच्या थांबल्या. हरिबांनी पुन्हा वाजवली, आणि सगळ्या मेंढ्या भाजीच्या पाट्यांवरून, माणसांच्या पायांतून, माझ्या ओट्याला घासत परत आल्या. कोणीतरी हसलं, तर बबिताने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. तिचे डोळे भरले होते. माझेही.

हरिबा मागे वळले नाहीत. कळप जोडला गेला तसे चालू लागले. टेम्पोवाला रामेश्वरला हाका मारत होता. रामेश्वरने फोन खिशात टाकला, नाल्याच्या कडेला अडकलेलं एक कोकरू उचलून छातीशी धरलं, आणि मोटारसायकल तिथेच सोडून बापाच्या मागे चालत गेला.